गप्प राहण्याचा हक्क कुठून आला?

मागच्या व्याख्यानात आपण शपथेबद्दल बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की शपथ घ्यायलाच नकार देता येतो का? त्या प्रश्नाला मी तेव्हा पाच मिनिटांत उत्तर दिलं आणि घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की ते उत्तर अगदीच अपुरं होतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं पुरं उत्तर, असं समजा.

सुरुवात वर्तमानपत्रातल्या एका वाक्यानं करतो. तुम्ही सगळ्यांनी ते वाचलेलं आहे, शेकडो वेळा वाचलेलं आहे. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला.’ सकाळच्या चहाबरोबर आपण हे वाक्य वाचतो आणि थोडंसं हसतोसुद्धा. खाक्या म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला माहीत असतं. तरीही आपण पान उलटतो, कारण मनात दुसरं एक वाक्य तयार असतं: कर नाही त्याला डर कशाला? ज्यानं काही केलंच नाही, त्यानं सरळ सांगून मोकळं व्हावं. गप्प बसतो तो चोर.

हे वाक्य मी स्वतः एकदा वापरलेलं आहे, आणि ते आधी सांगून टाकतो. मी तेव्हा पस्तिशीत होतो, एका कॉलेजच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. मेसच्या पेटीत पैसे कमी भरले. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा त्या रात्री खोलीवर नव्हता. मी त्याला बोलावलं. कुठे होतास? तो गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. मी हात उगारला नाही, आवाजही फारसा चढवला नाही. पण दार बंद होतं. मी खुर्चीवर होतो, तो उभा होता. त्याची फी-माफी माझ्या सहीवर होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. ‘अरे, कर नाही तर डर कशाला?’ असं मी त्याला म्हणालो. तासाभरानं तो म्हणाला, ‘हो सर, मीच घेतले.’ मला स्वतःच्या चातुर्याचं कौतुक वाटलं. दोन महिन्यांनी हिशोब लागला. चोरी झालेलीच नव्हती. धान्यवाल्याला दिलेली रक्कम वहीत मांडायची राहिली होती. आणि तो मुलगा रात्री मार्केट यार्डात पोती उचलायला जात होता. वर्गातल्या मुलांना ते कळू नये म्हणून गप्प होता. हे सगळं मला कळलं तेव्हा तो कॉलेज सोडून गेलेला होता.

हे मनात ठेवून आपण इतिहासाकडे जाऊ या.

गप्प राहण्याचा हक्क म्हटलं की लोकांना अमेरिकन सिनेमा आठवतो. हातात बेड्या आणि पोलिसाच्या तोंडी ते ठरावीक वाक्य. पण हा हक्क चोरांच्या सोयीसाठी जन्माला आला नाही. त्याचं मूळ शोधायला गेलं, तर आपण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जाऊन पोचतो. तिथं जी माणसं गप्प राहिली, त्यांच्यावर चोरीचा आळ नव्हता. त्यांच्या मनात काय आहे, हे राज्याला हवं होतं.

पहिला माणूस थॉमस मोर. आठव्या हेन्रीचा एकेकाळचा लॉर्ड चॅन्सेलर. राजा चर्चचा प्रमुख झाला आणि ते मान्य असल्याची शपथ सगळ्यांना घ्यायला सांगितली. मोर विरोधात एक शब्द बोलला नाही, बाजूनेही बोलला नाही. १५३५ साली खटला चालला तेव्हा त्याचा युक्तिवाद असा होता, की कायद्याच्या जुन्या तत्त्वाप्रमाणे मौन म्हणजे संमती. तेव्हा माझ्या मौनाचा अर्थ लावायचाच असेल, तर तो राजाच्या बाजूनं लावा. आपल्याकडचं ‘मौनं संमतिलक्षणम्’ ते हेच, बरं का! न्यायालयानं ते मानलं नाही. एका साक्षीदारानं मोर खासगीत काय बोलला ते सांगितलं आणि जुलै महिन्यात मोरचा शिरच्छेद झाला.

पण मोरला संत करून सोडून देऊ नका. हाच मोर अधिकारावर असताना पाखंडी ठरवलेल्या लोकांच्या मागे लागलेला होता. धर्मपीठानं कोणी तक्रारदार समोर नसताना, नुसत्या संशयावरून माणसाला बोलावून चौकशी करायची, या पद्धतीचं त्यानं लेखी समर्थन केलेलं होतं. विचारणारा माणूस एक दिवस उत्तर देणाऱ्याच्या जागी उभा राहू शकतो, एवढं या गोष्टीतून लक्षात ठेवू.

त्या पद्धतीचा कणा होती एक शपथ. तिला लॅटिनमध्ये ‘एक्स ऑफिशियो’ शपथ म्हणत. म्हणजे न्यायाधीशानं आपल्या पदाच्या अधिकारात दिलेली शपथ. तिची युक्ती समजून घ्या. तुम्हाला बोलावलं जातं. आरोप काय, ते सांगत नाहीत. तक्रार कोणाची, ते सांगत नाहीत. आधी शपथ घ्यायची, की जे विचारतील त्याची खरी उत्तरं देईन. मग प्रश्न. खोटं बोललात, तर देवाच्या नावानं खोटी शपथ घेतल्याचं पाप. खरं बोललात, तर आपल्याच तोंडानं शिक्षा. शपथच घेतली नाही, तर अवमान केला म्हणून तुरुंग. तीन दारं आणि तिन्ही दारांशी शिपाई! आणि हा सापळा नेमका प्रामाणिक माणसासाठी होता. ज्याला शपथेची किंमत नाही, तो बेधडक खोटं बोलून सुटतो. ज्याचा देवावर विश्वास आहे, तोच अडकतो.

या सापळ्याला खरी टक्कर दिली ती जॉन लिलबर्न या तरुणानं. १६३७ साली डिसेंबरात तो लंडनमध्ये पकडला गेला. वय असेल बावीस-तेवीस. हॉलंडमध्ये छापलेली, बिशपांवर टीका करणारी बंदी घातलेली पुस्तकं चोरून आणवली, असा आरोप. त्याला स्टार चेंबर नावाच्या न्यायपीठापुढे नेलं. लिलबर्न म्हणाला, माझ्यावर आरोप काय तो सांगा, त्याला मी उत्तर देतो. पण आधी शपथ आणि मग तुमच्या मनाला येईल तो प्रश्न, हे मला मान्य नाही. त्याला पाचशे पौंड दंड आणि फटके, अशी शिक्षा झाली. १८ एप्रिल १६३८ या दिवशी त्याला गाडीच्या मागे बांधून फ्लीट तुरुंगापासून वेस्टमिन्स्टरपर्यंत फटके मारत नेलं. तिथं त्याला खोड्यात उभं केलं, तर तो जमलेल्या लोकांसमोर भाषण करायला लागला. तेव्हा त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

आता गंमत बघा. ज्या माणसाला ‘बोलत नाही’ म्हणून शिक्षा झाली, त्याच माणसाचं तोंड ‘बोलतो’ म्हणून बंद केलं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना हे उदाहरण देत आलो. बोलण्याचं स्वातंत्र्य आणि गप्प राहण्याचं स्वातंत्र्य हे दोन वेगळे हक्क आहेत, असं आपल्याला वाटतं. लिलबर्नच्या अंगावर ते एकच आहेत. माझं तोंड कधी उघडायचं, हे मी ठरवणार की तुम्ही, इतकाच प्रश्न आहे.

१६४० साली पार्लमेंट भरलं. लिलबर्नच्या सुटकेसाठी तिथं बोलला तो ऑलिव्हर क्रॉमवेल. १६४१ साली स्टार चेंबर रद्द झालं आणि ती शपथही गेली. इथं एक सावधगिरी बाळगू. त्या वर्षापासून इंग्लंडमधल्या प्रत्येक आरोपीला गप्प राहता येऊ लागलं, असं नाही. जॉन लँगबीन या कायद्याच्या इतिहासकारानं दाखवून दिलं आहे, की आरोपीच्या बाजूनं वकील उभा राहू लागला तेव्हाच, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीकडे, हा हक्क प्रत्यक्षात वापरता येऊ लागला. त्याआधी आरोपी स्वतःच स्वतःचा वकील होता. तो गप्प बसला, तर त्याच्या बाजूनं बोलणार कोण? हा मुद्दा धरून ठेवा. गप्प राहायचं असेल, तर आपल्या वतीनं बोलणारं दुसरं माणूस लागतं.

दरम्यान तत्त्वज्ञांनीही यावर विचार केला. हॉब्सचं ‘लेव्हायथन’ १६५१ चं. राजसत्तेला एवढे अधिकार देणारा दुसरा विचारवंत सापडणं कठीण. पण तोसुद्धा म्हणतो, की माफीची हमी नसताना स्वतःवरच आरोप करण्याचा करार माणसावर बंधनकारक होऊ शकत नाही. आणि छळातून काढलेलं बोलणं साक्ष म्हणून धरू नये, असंही तो म्हणतो. पुढे १७६४ साली इटलीत बेकारिया या तरुणानं छळाविरुद्ध जो युक्तिवाद केला, तो मला आजही बिनतोड वाटतो. छळानं कळतं काय? तर कोणाचं अंग किती सोसतं, एवढंच. धट्टाकट्टा गुन्हेगार सोसून सुटतो आणि अशक्त निरपराध माणूस कबूल होऊन फासावर जातो.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे काय होतं? मराठेशाहीत वतनाचे, हद्दीचे वाद साक्षीपुराव्यानं मिटले नाहीत, की ‘दिव्य’ करत असत. त्यातलं प्रसिद्ध ते रवा दिव्य. उकळत्या तेल-तुपात हात घालून धातूचा तुकडा, म्हणजे रवा, काढायचा. मग हात पिशवीत बांधून मोहोर करायची आणि ठरल्या दिवशी उघडून बघायचं. हात शुद्ध असेल, तर तो खरा. भाजला असेल, तर खोटा. म्हणजे माणसाच्या तोंडावर विश्वास नाही म्हणून त्याच्या अंगाला साक्षीला बोलावायचं. याला आपण आज हसतो. थोड्या वेळानं मी तुम्हाला याच दिव्याचा नवा अवतार दाखवणार आहे.

कंपनी सरकारच्या काळात दिव्यं मागे पडली, छळ राहिला. १८५४ साली मद्रास इलाख्यातल्या छळाचा विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निघाला आणि चौकशी आयोग बसला. १८५५ साली त्याचा अहवाल आला. लोकांनी दूरदूरच्या गावांहून येऊन तक्रारी दिल्या. त्यात दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात. एक ‘किट्टी’, म्हणजे हाताची बोटं लाकडी चापात धरून पिळणं. दुसरा ‘अनंदाल’, म्हणजे माणसाला ओणवं करून दोरीनं जखडून ठेवणं, तेही उन्हात. आयोगाला दिसलेली महत्त्वाची गोष्ट अशी, की सारा वसूल करणारे हात आणि गुन्हे शोधणारे हात एकच होते. शेतकऱ्याकडून पैसा काढायचा असो की संशयिताकडून कबुली, पद्धत तीच. कार्ल मार्क्सनं १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात या अहवालावर लेख लिहिला होता, इतका तो गाजला.

यातून पुढे कायदा आला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि मग १८७२ च्या पुरावा कायद्यात तीन कलमं बसली. पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस. पंचवीस सांगतं: पोलिसाजवळ दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. सव्वीस सांगतं: पोलिसांच्या ताब्यात असताना कोणाहीजवळ दिलेली कबुली चालणार नाही, मॅजिस्ट्रेट प्रत्यक्ष समोर असल्याशिवाय. हा कायदा लिहिणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. लेखिका व्हर्जिनिया वूल्फ यांचा हा सख्खा काका. त्यानं पुढे एका ग्रंथात आठवण लिहून ठेवली आहे. पोलीस कैद्यांना का छळतात, असं विचारल्यावर एका अनुभवी अधिकाऱ्यानं त्याला सांगितलं, की यात आळसाचा भाग मोठा आहे. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कोणाच्या तरी डोळ्यांत तिखट चोळणं सोपं असतं.

माझ्या मते आजच्या विषयावरचं सगळ्यात मोलाचं वाक्य हे आहे, आणि ते एका अनुभवी अधिकाऱ्याचं आहे. कबुलीवर बंदी घालण्याचं कारण दया नव्हे. कबुली मिळते म्हटल्यावर तपास थांबतो, हे कारण आहे. चोर मिळाला, फाईल मिटली, खरा चोर बाहेर हिंडतोय. गप्प राहण्याचा हक्क आरोपीला मिळालेली सवलत आहे, असं आपण समजतो. मला तो तपास करणाऱ्याला लावलेली शिस्त वाटतो. तू उठ, उन्हात जा आणि पुरावा शोध.

पण त्याच कायद्यात तिसरं कलम होतं, सत्तावीस. पंचवीस आणि सव्वीसनं लावलेल्या दाराला ठेवलेली ही फट. आरोपीनं ताब्यात असताना सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट संबंध असलेला बोलण्याचा तेवढा भाग पुराव्यात येतो. कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या लोकांना ‘मेमोरँडम पंचनामा’ हा शब्द माहीत असेल. ‘चाकू मी नाल्याकाठी झुडपात लपवला आहे, चला, काढून देतो’ – तो हाच. तत्त्व बरोबर आहे: वस्तू खोटं बोलत नाही. पण वस्तू आधी सापडली की बोलणं आधी झालं, हे ठरवणार कोण? पंच. आणि ते पंच आणले कोणी, हा पुढचा प्रश्न. तीच तरतूद आज २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ मध्ये आहे. तिन्ही कलमं तिथं एकत्र केली आहेत. फट तशीच आहे.

स्वातंत्र्यानंतर घटनेनं हा हक्क मूलभूत केला. अनुच्छेद २०, खंड ३: गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. वाक्य छोटं आहे, पण ‘साक्षीदार होणं’ म्हणजे काय? १९६१ साली मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी यावर निर्णय दिला. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्षीदार होणं नव्हे. साक्ष म्हणजे आपल्याला असलेलं ज्ञान सांगणं. शरीर माझं आहे, ते तुम्ही मोजू शकता; मनात आहे ते मात्र माझ्या मर्जीशिवाय बाहेर काढायचं नाही. त्याच निकालात असंही म्हटलं, की केवळ पोलीस कोठडीत होता एवढ्यावरून सक्ती झाली असं मानता येणार नाही. मला हे दुसरं विधान फार धाडसाचं वाटतं. माझ्या रेक्टरच्या खोलीत तर कोठडीही नव्हती.

मग १९७७-७८ चं प्रकरण येतं. नंदिनी सत्पथी. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री आणि ओडिया लेखिका. भ्रष्टाचाराच्या चौकशीत त्यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावून लेखी प्रश्नांची यादी दिली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. त्याबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला भरला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि एप्रिल १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल लिहिला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, हा हक्क कोर्टाच्या पिंजऱ्यापुरता नाही; पोलीस चौकशीपासूनच तो सुरू होतो. दोन, सक्ती म्हणजे फक्त मारहाण नव्हे. मनावरचा ताण, धाकाचं वातावरण, थकवून टाकणारी लांबलचक विचारपूस, हीसुद्धा सक्तीच. तीन, चौकशीच्या वेळी वकील जवळ असावा असं कोणी म्हटलं, तर ते नाकारू नये. मात्र त्यांनी सत्पथींना सरसकट गप्प राहण्याची मुभा दिली नाही. ज्या उत्तरानं आपण गुन्ह्यात अडकू, तेवढंच नाकारायचं. बाकी प्रश्नांना उत्तर द्यायचं. आजही साक्षीदाराला पोलिसांसमोर उत्तरं द्यावीच लागतात, हे विसरू नका.

या निकालावर अमेरिकेतल्या मिरांडा खटल्याची सावली आहे. १९६३ साली फिनिक्स शहरात एर्नेस्टो मिरांडाची दोन तास चौकशी झाली आणि त्यानं कबुलीवर सही केली. आपल्याला वकील मिळू शकतो, आपण गप्प राहू शकतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. १९६६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की चौकशीआधी पोलिसांनी हे सांगितलंच पाहिजे. आता पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. मिरांडाचा खटला पुन्हा चालला, ती कबुली बाजूला ठेवून, दुसऱ्या पुराव्यावर. आणि तो पुन्हा दोषी ठरला. म्हणजे हक्क पाळला म्हणून गुन्हेगार सुटला नाही. फक्त सरकारला पुरावा शोधावा लागला.

आपल्याकडे मात्र तुम्हाला गप्प राहता येतं, हे सांगण्याचं बंधन कबुलीजबाब नोंदवणाऱ्या मॅजिस्ट्रेटवर आहे. पोलिसावर तसं स्पष्ट बंधन कायद्यानं घातलेलं नाही. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवता येत नाही. ज्याला माहीत आहे आणि परवडतं त्याचा हक्क, असा त्याचा अर्थ होतो.

आता तो दिव्याचा नवा अवतार. साधारण २००० नंतरची काही वर्षं आपल्याकडे नार्को चाचणीची लाट होती. इंजेक्शन देऊन माणसाला अर्धवट गुंगीत न्यायचं आणि प्रश्न विचारायचे. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या चाचणीची चित्रफीत तर वाहिन्यांनी घरोघरी दाखवली. २००८ साली पुण्यात एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या लहरींच्या चाचणीचा आधार घेऊन शिक्षा झाली, त्याची चर्चा जगभर झाली. रवा दिव्यात आणि यात तत्त्वतः फरक किती, तुम्हीच सांगा. माणूस बोलत नाही, म्हणून त्याच्या अंगाला बोलायला लावायचं. ५ मे २०१० रोजी सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूची अशी चाचणी करता येणार नाही. १९६१ सालची शरीर आणि मन यांच्यातली रेषा इथं पुन्हा आखली गेली.

मध्यंतरात एक चिठ्ठी आली आहे. वाचतो: ‘सर, हे सगळं ठीक. पण बॉम्बस्फोट करणाऱ्यांनाही हाच हक्क द्यायचा का?’ प्रश्न रास्त आहे आणि या प्रश्नापोटीच वेगळे कायदे आले. टाडा, पोटा आणि आपल्या महाराष्ट्राचा १९९९ चा मोक्का. मोक्काच्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. १८७२ साली जे दार लावलं होतं, ते इथं उघडलं. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ आठवा. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. घरी निघालेली माणसं. २०१५ साली मोक्का न्यायालयानं बाराजणांना दोषी ठरवलं, पाचजणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. ज्या कबुलीजबाबांवर खटला बराचसा उभा होता, ते विश्वासार्ह नाहीत, असं न्यायालय म्हणालं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं तिथं सांगण्यात आलं. प्रकरणाचा शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल, तेव्हा कोण खरं यावर मी बोलणार नाही.

पण चिठ्ठी पाठवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो. उच्च न्यायालय बरोबर असेल, तर ही माणसं एकोणीस वर्षं तुरुंगात होती. आणि ज्यांची माणसं गेली, त्यांना एकोणीस वर्षांनीही स्फोट कोणी केला ते कळलेलं नाही. कबुलीचा सोपा रस्ता दोघांनाही महाग पडतो, आरोपीला आणि पीडितालाही. तेव्हा ‘बॉम्बस्फोटवाल्यालाही?’ या प्रश्नाला माझं उत्तर आहे, हो, त्यालासुद्धा. कारण तो स्फोटवालाच आहे का, हे अजून ठरायचं असतं.

या हक्काला विरोध करणारेही मोठे लोक आहेत, हे सांगितलं नाही तर व्याख्यान एकतर्फी होईल. जेरेमी बेंथमनं याची यथेच्छ थट्टा केली. कोल्ह्याच्या शिकारीत कोल्ह्याला आधी थोडं पळू देतात, तसला हा खिलाडूपणा आहे, असं तो म्हणे. निरपराध माणसाला बोलायचंच असतं. मौनाचा फायदा गुन्हेगारालाच. खुद्द इंग्लंडनं १९९४ साली कायदा बदलला. तिथं आज गप्प राहता येतं, पण चौकशीत न सांगितलेली गोष्ट पुढे कोर्टात बचाव म्हणून सांगितली, तर त्या मौनाचा विरुद्ध अर्थ लावता येतो. लिलबर्नचा देश तो!

बेंथमचं म्हणणं तर्काला धरून आहे. त्यात एकच गोष्ट गृहीत धरली आहे, की निरपराध माणसाला लपवण्यासारखं काही नसतं. पण माणसाला लाज असते. कोणाला दिलेला शब्द असतो. घरातल्या कोणाला वाचवायचं असतं. कित्येकांना तर विचारणाऱ्याची भाषाच नीट कळत नाही, आणि आपलं बोलणं दुसऱ्याच्या हातानं, दुसऱ्याच्या शब्दांत कागदावर उतरताना बघावं लागतं. खोटं बोलणं वेगळं आणि सगळं न सांगणं वेगळं. खोटं बोलायला सक्त मनाई करणाऱ्या कांटनंही हा फरक मान्य केला होता. बेंथमला कोल्हा दिसला. मला तो मार्केट यार्डात पोती उचलणारा मुलगा दिसतो.

त्या मुलाला मी नंतर पत्र लिहिलं. घरचा पत्ता कॉलेजच्या रजिस्टरात होता. माफी मागितली, परत ये, फी-माफीचं मी बघतो, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा वर्षभरानं लिहिलं, तेव्हाही नाही. पुष्कळ वर्षं मला वाटे, की त्यानं एका ओळीचं तरी उत्तर द्यायला हवं होतं. आता तसं वाटत नाही. माझ्या प्रश्नांना उत्तरं देण्याचं त्याच्यावर तेव्हाही बंधन नव्हतं आणि नंतरही नव्हतं.

उद्या सकाळी ते पोपटाचं वाक्य पुन्हा छापून येईल. तेव्हा एवढंच करा: पुढे वाचा. कबुलीशिवाय आणखी काय सापडलं, ते बातमीत शोधा. काहीच नसेल, तर समजा की अजून कोणी उन्हात गेलेलं नाही.